अ‍ॅक्सेसची एक फाइल जळगावात, एक धुळ्यात

जळगावच्या दाणाबाजारात पेढी, धुळ्यात शाखा, आणि दोन्हीकडचा हिशोब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधल्या जुन्या प्रोग्रॅमवर, असं समजा. संध्याकाळी धुळ्याचा कारकून दिवसभराची फाइल ड्राइव्हवर टाकतो. जळगावचे दिवाणजी ती आपल्या फाइलवर चढवतात आणि जळगावची त्या दिवसाची आवक पुसली जाते. याला कुणी रेप्लिकेशन म्हणत असेल तर तो पहिला गैरसमज. ही निव्वळ फाइलची नक्कल आहे. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सला अख्खी फाइल दिसते. आतली कुठली नोंद कुणी बदलली, हे त्यांना कळत नाही.

खरं रेप्लिकेशन अ‍ॅक्सेस 95 मध्ये आलं. एक फाइल ‘डिझाइन मास्टर’, बाकीच्या तिच्या प्रतिकृती. जुळवणी नोंदीनोंदीची होई. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली असली, तर एक टिके आणि दुसरी वेगळ्या तक्त्यात जमा होई. तो तक्ता नेमाने उघडून पाहणारं माणूस नसेल, तर एका शाखेने दुरुस्त केलेला भाव कुणाला न कळता परत जुना होऊन बसे.

याहून घाबरवणारा प्रकार बिलांचा. फाइल प्रतिकृतीयोग्य केली की बिलांना आपोआप मिळणारे ऑटोनंबर क्रमाने न येता कसेही येऊ लागत. 1041, 1042 नंतर थेट कोट्यवधीतला आकडा, कधी चक्क उणे! फाइल बिघडली किंवा व्हायरस शिरला, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात ही व्यवस्था मुद्दाम केलेली होती, दोन शाखांनी एकच आकडा वापरू नये म्हणून. ऑटोनंबर ही नोंदीची आतली ओळख आहे, त्याला बिल क्रमांक करूच नये.

आणि आता रेप्लिकेशनचं बटण शोधण्यात वेळ घालवू नये. 2007 मध्ये आलेल्या नव्या फाइलप्रकारात रेप्लिकेशन नाही, आणि अ‍ॅक्सेस 2013 पासून जुन्या एमडीबी फाइलींसाठीची सोयही काढून टाकली आहे.

एकाच कचेरीतला घोळ वेगळा असतो. सर्व्हरवर एक फाइल ठेवायची आणि चौघांनी तीच उघडायची, हीच ‘शेअरिंग’ची रीत मानली जाते. फाइल बिघडण्याचं मोठं कारण तेच. फाइलचे दोन भाग करावेत: तक्ते असलेला बॅकएंड सर्व्हरवर, फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्ट असलेला फ्रंटएंड प्रत्येकाच्या संगणकावर, ज्याचा त्याला. मग एकाचा फॉर्म अडकला तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं.

एवढं करूनही ‘दुसऱ्याला फाइल उघडतच नाही’ ही तक्रार येते, आणि दोष अ‍ॅक्सेसला दिला जातो. आधी बॅकएंडचं फोल्डर बघावं. कुणी फाइल उघडली की शेजारी त्याच नावाची एक छोटी लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याचा आणि पुसण्याचा हक्क नसेल, तर ती तयारच होत नाही. मग पहिल्याने उघडलेली फाइल दुसऱ्याला बंद. ‘पाथ सापडत नाही’ असा संदेश आला, तर बहुधा एका संगणकावर सर्व्हर ‘झेड’ ड्राइव्ह असतो, दुसऱ्यावर ‘वाय’. लिंक्ड टेबल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा.

255 जण एका वेळी चालतात, हा कागदावरचा आकडा खरा आहे. 2 जीबीची मर्यादाही खरी. पण दोन्हींच्या बऱ्याच आधी आडवं येतं ते कच्चं नेटवर्क. नोंद लिहिताना वायफाय तुटलं किंवा वीज गेली, तर फाइल बिघडू शकते. म्हणून केबल हवी, सर्व्हरला आणि नेटवर्कच्या स्विचलाही यूपीएस हवा.

धुळ्यासाठी दोन वाटा उरतात. कारकुनाने रिमोट डेस्कटॉपने जळगावच्याच संगणकावर काम करावं, किंवा तक्ते एसक्यूएल सर्व्हरमध्ये हलवून अ‍ॅक्सेस फक्त फ्रंटएंड म्हणून ठेवावं. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते. बिलांसाठी जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे एकाहून अधिक मालिका चालतात, मात्र प्रत्येक मालिका सलग आणि क्रमांक 16 अक्षरांच्या आत हवा. जळगावची एक मालिका, धुळ्याची दुसरी, अशी सोय त्यात आधीच आहे.