बिनतारी गिरमिट

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारी गाडी पापनाशम् मागे टाकून पुढे निघाली की सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. त्यानंतर स्वामिमलै, दारासुरम् आणि मग कुंभकोणम्. कावेरी व तिचे फाटे यांनी पोसलेला हा सखल, गाळाचा मुलूख मराठी माणसाला सर्वस्वी परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते, आणि त्या काळी दक्षिणेत उतरलेल्या कुटुंबांचे वंशज आजही त्या भागात आपल्या वळणाची मराठी बोलतात. अशा एखाद्या गावातील जुने घर दर्शनी ओटीपासून मागच्या परसापर्यंत डोळ्यांसमोर आणले, तर आजकाल घरोघर शिरू पाहणाऱ्या एका हत्याराची निवड कशी करावी, याचा पुष्कळसा उलगडा होतो. ते हत्यार म्हणजे बॅटरीवर चालणारे ड्रिल.

भोक पाडण्याची कला या प्रांतात जुनीच आहे. मराठी सुताराचा सामता आणि तमिळ सुताराचे तुरप्पणम् ही एकाच जातीची हत्यारे; कमानीची दोरी मागेपुढे ओढावयाची आणि टोकाचे पाते फिरवावयाचे. विजेच्या ड्रिलचा जन्म १८८९ साली मेलबर्न येथे झाला. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी ते हातात धरता येईल असे केले, आणि पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाचा खटका ही आजची ठेवण अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१० नंतरच्या दशकात आणली. त्याच कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे बिनतारी ड्रिल बाजारात आणले. (‘बिनतारी’ हा शब्द एके काळी केवळ नभोवाणीचा होता, आता तो गिरमिटालाही चिकटला आहे.) दहाच वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या भूमीत बॅटरीच्या ड्रिलने भोके पाडली. तेथे एक अडचण आली, ती पुढे परसबागेच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

दुकानात गेलेल्या गृहस्थासमोर प्रथम व्होल्टचा आकडा येतो. एका डब्यावर १२, दुसऱ्यावर १८, तिसऱ्यावर २० असे छापलेले असते, आणि मोठा आकडा म्हणजे मोठी शक्ती असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः यांतील काही भेद केवळ लिहिण्याचा आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीतील प्रत्येक घटाचा सरासरी दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. पूर्ण भारित झाल्यावर तो काही काळ ४ च्या वर जातो. असे पाच घट ओळीने जोडले तर सरासरी १८ आणि क्षणभर २० व्होल्ट मिळतात. म्हणजे ‘१८’ आणि ‘कमाल २०’ ही बहुधा एकाच वस्तूची दोन नावे होत. ‘१२’ व्होल्टच्या यंत्रातही तीनच घट असतात. त्यांचा खरा दाब १०.८. विजेचा साठा जाणावयाचा तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ४ अँपिअर-तास म्हणजे त्याच्या दुप्पट, परंतु वजनही त्या मानाने वाढलेले.

तथापि आकड्यांच्या आधी घराकडे पाहावे हे बरे. कावेरीकाठच्या जुन्या घराच्या भिंती भाजक्या विटांच्या आणि चुन्याच्या असतात. ओटीवर लाकडी खांब, वर तुळया आणि कौले. मागे मागाहून बांधलेले न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर मात्र सिमेंटचे, आणि त्याचे खांब व छत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे. एकाच छपराखाली तीन प्रकारचे पदार्थ, आणि तिन्हींशी ड्रिलचे वागणे निराळे.

चुन्यातील जुनी वीट मऊ असते. तिला ठोके देणारे ड्रिल लावले तर भोकाच्या कडा ढासळतात, गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि ६ मिलिमीटरचे म्हणून आरंभलेले भोक १० चे होऊन बसते. मग गिट्टी त्यात सैल फिरते आणि फळी खाली येते. अशा भिंतीत ठोक्यांची कळ बंद ठेवून, कार्बाइडच्या टोकाचे पाते सावकाश फिरवावे, एवढे पुरे. काँक्रीटचे उलट आहे. त्यात नुसते फिरणारे पाते तापते आणि झिजते, पुढे सरकत नाही. घरगुती ड्रिलमध्ये जे ‘हॅमर’ असते ते दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून होणारे अतिजलद पण हलके कंपन. विटेला व सिमेंटच्या ठोकळ्यांना ते चालते. काँक्रीटला खरा घाव लागतो, आणि तो हवेच्या दाबाने दट्ट्या आपटणाऱ्या ‘रोटरी हॅमर’ या वेगळ्या यंत्रातूनच मिळतो. वर्षाकाठी छताला दोन भोके पाडावयाची असतील तर त्यासाठी असे जड यंत्र विकत घेणे म्हणजे निव्वळ हौस. गावच्या वायरमनला बोलावणे स्वस्त पडते. ‘सर्व काही करणारे’ म्हणून विकले जाणारे यंत्र घेऊन काँक्रीटशी झगडत बसणे, हा या खरेदीतील सर्वांत सामान्य अपव्यय होय.

लाकडाचे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या वाटेवर नरसिंगमपेट्टै नावाचे गाव आहे. तेथील नादस्वरमला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य ज्याला तमिळमध्ये आच्चा आणि मराठीत अंजन म्हणतात त्या लाकडाचे करतात, आणि कारागीर त्यासाठी मोडलेल्या जुन्या घरांतील तुळया व खांब मुद्दाम शोधतात. नव्या लाकडातील ओल सुकताना भोकाचा आकार बिघडतो आणि सूर हलतो; कित्येक दशके मुरलेले लाकूड तसे करीत नाही. हेच मुरलेले लाकूड ओटीच्या खांबात असते तेव्हा गृहस्थाने ओळखावे की येथे घाई उपयोगाची नाही. अशा खांबात स्क्रू सरळ पिळला तर एक तर त्याचे डोके तुटते किंवा खांब तडकतो. प्रथम स्क्रूच्या गाभ्याएवढे बारीक भोक पाडावे, पाते वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा, आणि मग स्क्रू बसवावा.

येथे ड्रिलचे दोन गुण कामास येतात, आणि खरेदी करताना पाहावयाचे ते हेच. एक, दोन गतींचा गिअर: मिनिटाला सुमारे ४०० ते ५०० फेऱ्यांची संथ गती स्क्रूसाठी व मोठ्या भोकांसाठी, आणि १५०० किंवा अधिक फेऱ्यांची जलद गती बारीक भोकांसाठी. दुसरा, चकाच्या मागचे आकडे असलेले कडे, म्हणजे क्लच. ठरावीक पिळाच्या पलीकडे जोर गेला की ते निसटते आणि स्क्रू वाचतो. पीळ न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. घरकामाला ३० ते ५० पुष्कळ झाले. चक १० मिलिमीटरचा असला तरी चालतो, परंतु बागेची कामेही करावयाची असतील तर १३ चा घ्यावा. दुकानात पाते लावून यंत्र हलकेच सुरू करून पाहावे. टोक डगमगत फिरत असेल, किंवा खटका किंचित दाबताच यंत्र एकदम उसळत असेल, तर ते परत ठेवावे. मग ते हात उंचावून मिनिटभर धरावे. जे त्या मिनिटात जड वाटले ते शिडीवर दुप्पट जड वाटेल. ब्रश नसलेल्या मोटारीचे ड्रिल महाग असते. ते कमी तापते आणि एका भारात अधिक काम देते. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याला त्याची निकड नाही.

परसात बिनतारी असण्याचे खरे मोल कळते. ओल्या जमिनीवरून विजेची तार ओढीत नेणे धोक्याचे आहे, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या भागातला मुख्य पावसाळा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्या जिल्ह्यांत विजेचे हजारो खांब पडले आणि नारळाच्या बागा झोपल्या. अशा दिवसांत भारित बॅटरीचे मोल वेगळे सांगावयास नको. एरवी पडवळ-कारल्याचा मांडव बांधणे, ठिबकच्या नळीला छिद्रे पाडणे, जुन्या बादलीला बूड टोचून तिची कुंडी करणे ही ड्रिलची सहज कामे. बांबू मात्र चिरतो. त्याला बारीक, तीक्ष्ण पाते आणि संथ सुरुवात हवी.

रोपे लावण्यासाठी ड्रिलला जोडावयाचे मळसूत्री पातेही मिळते, आणि येथेच ती चंद्रावरची अडचण आठवते. तेथे फिरणाऱ्या नळीच्या मळसूत्रावरून धूळ वर चढेना, ती सांध्याशी दाटली आणि नळी अडकली. कावेरीचा चिकट गाळ ओला असता नेमके हेच करतो. पाते थांबते, पण मोटार थांबत नाही; तो पीळ सगळा मनगटावर येतो. म्हणून पाते लहान व्यासाचे असावे, गती पहिली, बाजूची आडवी मूठ लावलेली, आणि माती वाफशावर आलेली. नारळाचा खड्डा सुमारे मीटरभर लांब, रुंद व खोल लागतो. तो कुदळ-फावड्यानेच खणावा.

भिंतीत भोक पाडण्यापूर्वी बटणांच्या फळीच्या सरळ वर व खाली तारा गेलेल्या असतात हे ध्यानात ठेवावे. डोळ्यांवर चष्मा असावा. उपरणे, पदर आणि मोकळे केस फिरत्या चकापासून दूर असावेत.

राहिली बॅटरी. यंत्र दहा-पंधरा वर्षे टिकते, बॅटरी त्याच्या निम्मीही टिकेलच असे नाही. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. तेव्हा ड्रिल घेणे म्हणजे एका कंपनीच्या बॅटरीशी सोयरीक करणे होय. कुंभकोणमला किंवा तंजावरला ती बॅटरी सुटी मिळते काय आणि दुरुस्ती कोठे होते, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन लहान बऱ्या. एक कामावर, एक भारावर. वैशाखात उन्हात तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नये, ती निवू द्यावी. पुष्कळ दिवस पडून राहणार असेल तर अर्धी भरलेली, सावलीत, यंत्रापासून सुटी ठेवावी. आणि ती संपली म्हणजे उकिरड्यावर टाकू नये, कारण लिथियमची बॅटरी चेपली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जुनी कोणामार्फत व कोठे परत घेतली जाईल, हे नवी घेतानाच दुकानदाराकडून समजून घ्यावे.