फायबरच्या होडीचं बूड दुरुस्त करताना

आज नाथसागराच्या काठावरच्या बायांशी बोलायचं आहे. पण ज्यांच्या गावात तळं आहे आणि गटाची एखादी जुनी होडी आहे, त्यांनीही रेडिओ बंद करू नका.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली धरण पूर्ण झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या वस्त्यांची जोती, झाडांचे बुंधे, खडक वर येतात. डोळ्यांना दिसतात ते बरे. वीतभर पाण्याखाली राहतात, ते होडीचं बूड फोडतात.

माझ्या मावशीच्या होडीला अशीच चीर पडली होती. बाजारातली लांबी भरली, वरून निळा रंग दिला, होडी नव्यासारखी दिसायला लागली. आठ दिवसांनी भर पाण्यात लांबी सुटली. काका वल्हं मारत होते आणि मावशी घमेल्यानं पाणी उपसत होती. जाळं तिथंच सोडून द्यावं लागलं. जीव वाचले.

असं का झालं? फायबरची होडी म्हणजे काचेच्या तंतूंची गोधडी. मॅटचे थर एकावर एक ठेवतात आणि टाक्यांऐवजी रेझिननं चिकटवतात. बाहेरचा चकचकीत थर, गेलकोट, हा नुसता अभ्रा. अभ्र्यावर ओरखडा आला तर फार बिघडत नाही. पण दगडाचा मार बसला की आतले थर सुटतात, त्यात पाणी मुरतं, आणि वरून बोटभर चीरच दिसते.

म्हणून आधी होडी उलटी करून वाजवून बघा. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसं. रुपयाच्या नाण्यानं वितीवितीवर ठोका. टणटण वाजलं तर थर धड आहेत. भदभद वाजलं तिथं खडूनं खूण करा. बहुतेक वेळा खडूचा गोल चिरेपेक्षा कितीतरी मोठा निघतो. जेवढा गोल, तेवढं काम. गटाच्या बैठकीत पैशाचं ठरवताना हा गोल सगळ्यांना दाखवा, कारण रंगावर खर्च करायला सगळे लगेच तयार होतात, घासण्यावर कुणी होत नाही.

मग ग्राइंडरनं सुटलेला भाग काढायचा, जुनी लांबी आणि डांबरही. डांबरावर रेझिन धरत नाही. खड्ड्याची कड उभी ठेवू नका, बशीसारखी उतरती करा. बुडाची जाडी पाच मिलीमीटर असेल तर उतार चारी बाजूंनी सहा सेंटिमीटर, म्हणजे जाडीच्या बारा पट. उतार कमी पडला की ठिगळ बुचासारखं निघून येतं. काचेची धूळ अंगाला खाजते, छातीत जाते. मास्क आणि चष्मा लावा, पदरानं तोंड पुसू नका, ते कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

आता वाळवणं. इथंच घाई होते. घासलेल्या जागेवर संध्याकाळी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून ओल आहे, थांबा.

रेझिनच्या शंभर ग्रॅमला हार्डनर एक ते दोन ग्रॅम. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वाचून घ्या आणि वजनानं मोजा, अंदाजानं नको. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बघता बघता आवळतं, डब्यातच तापून धूर सोडतं. म्हणून भल्या पहाटे, सावलीत, वाटी-वाटीनंच कालवा. रंग गुलाबी-जांभळा करणारी कोबाल्टची बाटली वेगळी आली असेल तर ती आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. लगेच पाण्याची धार धरा, पंधरा मिनिटं तरी, आणि दवाखाना गाठा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवायची सवय तर मोडाच. पोटुशी बाई या वासापासून लांबच राहू दे.

मॅटचे तुकडे एकापेक्षा एक मोठे कापा. ब्रशनं ओढू नका, टिपत टिपत भिजवा. मॅट आधी दुधाळ दिसते, रेझिन प्याली की आरपार होते. दुधाळ ठिपका राहिला तिथं हवा अडकली समजा आणि दाबून काढा. होडीत थर्माकोल भरलेला असेल तर जपा, हे रेझिन त्याला विरघळवून टाकतं.

शिडाच्या जोडहोडीलाही, म्हणजे कॅटामरानला, हीच रीत. तमिळमध्ये कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं, त्यावरून हे नाव आलं. तिची दोन्ही पोटं बंद असतात, त्यामुळे एकात पाणी शिरलं तरी ती एका अंगाला कलेपर्यंत कळत नाही. जुनी असेल तर दर फेरीनंतर झाकण उघडून बघावं लागतं.

ठिगळ पूर्ण कडक झालं, घासून गेलकोट दिला, की लगेच खोल पाण्यात जायचं नाही. होडी काठाशी गुडघाभर पाण्यात बांधा, आत ठिगळावर जुनं वर्तमानपत्र अंथरा, वर दोन दगड ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडा निघाला तर जाळं चढवा.