विदेशी साप: यादीतले आणि यादीबाहेरचे

सप्टेंबर 2023 मध्ये बेंगळुरू विमानतळावर 72 साप पकडले गेले. त्यांत 55 बॉल पायथन होते आणि 17 नागराज. डिसेंबरात मुंबईत बिस्किटं-केकच्या पुड्यांतून 11 निघाले. एप्रिल 2024 ला पुन्हा बेंगळुरू, 10 पिवळे अ‍ॅनाकोंडा. जून 2025 ला मुंबईत 47 विषारी साप. चारही खेपांचा माल थायलंडहून आलेला.

हे फक्त पकडलेले. 'ट्रॅफिक' आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांच्या अहवालानुसार 2011 ते 2020 या काळात देशातल्या 18 विमानतळांवर वन्यजीव तस्करीची 140 प्रकरणं उघडकीस आली. त्यांत सर्वांत मोठा वाटा, 46 टक्के, सरपटणाऱ्या प्राण्यांचा होता.

कायदा झाला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. परदेशी प्राण्यांसाठी वेगळं परिशिष्ट 4 आलं, सर्वसाधारण दंडाची कमाल मर्यादा 25 हजारांवरून 1 लाखावर गेली. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणीसाठी सहा महिने दिले.

पण परिशिष्ट 4 वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या यादीवर बेतलेलं आहे. बॉल पायथन त्या यादीत आहे, अमेरिकेतला कॉर्न स्नेक नाही. मुंबईच्या त्या 11 सापांत 9 बॉल पायथन होते आणि 2 कॉर्न स्नेक. म्हणजे कुणी शेतातली देशी धामण आणून पाळली तर गुन्हा. पण कॉर्न स्नेक एकदा विमानतळ ओलांडून घरात आला की त्याच्या नोंदणीची सक्ती नाही. ही फट मोठी आहे.

विषारी सापांचं प्रकरण तर फारच गंभीर. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेळगाव असो वा निपाणी, दवाखान्यात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. मुंबईत सापडलेल्या 47 पैकी 44 इंडोनेशियातले पिट व्हायपर होते. त्यातला एखादा हौशी माणसाला चावला तर डॉक्टर कोणतं प्रतिविष देणार?

अमेरिकेनं 2012 मध्ये बर्मी अजगरासह चार जातींची आयात बंद केली, तोवर फ्लोरिडाच्या दलदलीत ते अजगर पसरून गेले होते. आपण तोवर थांबू नये. सायटीसची यादी बाजूला ठेवून प्रत्येक विदेशी सापाची नोंदणी सक्तीची करावी, आणि विषारी विदेशी साप खासगी घरात ठेवायला पूर्ण बंदी घालावी. तोपर्यंत मोबाइलवर कुणी रंगीत साप विकायला काढला, तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.