शिल्लक पुढे ओढताना

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात. यात्रा म्हटली की पत्रिका आल्या, फलक आले, पोथ्या आल्या. आपल्याकडे अशी अक्षरजुळणी वर्षानुवर्षे पेजमेकरवर झाली. कुठे कुठे अजूनही होते.

पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. ती चालवायची तर जुना संगणक जपा, नाहीतर नव्याच्या पोटात जुनी विंडोज बसवा. मला यात गैर दिसत नाही. अ‍ॅडोबीने २०१३ साली नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायचे ठरवले. भाडे थांबले की काम थांबले. हंगामी काम करणाऱ्या छापखान्याला हा व्यवहार परवडावा कसा?

खरी अडचण मजकुराची आहे. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या अक्षरांचे आकार बसवलेले. फाँट गेला की अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! युनिकोडमध्ये नेताना क्रमही बदलतो. ‘कपिलधार’मधली ‘पि’ घ्या : जुन्या पद्धतीत आधी वेलांटी, मग प, युनिकोडमध्ये आधी प. ‘कार्तिक’मधल्या रफाराचे नेमके उलटे. यंत्र हे बरेचसे जुळवते, पण जोडाक्षरांत फसते. म्हणजे ‘परमरहस्या’सारखा ग्रंथ जुन्या फायलीत असेल, तर ओळ न् ओळ माणसानेच वाचायला हवी.

बँकेत खातेवही भरली की शिल्लक नव्या वहीत ओढायची आणि दुसऱ्याने ती ताडून पाहायची, हा शिरस्ता होता. छापखान्याने पैसे खर्चायचेच तर आधी मुद्रितशोधकावर खर्चावेत, तेही जुना संगणक सुरू आहे तोवर. आणि सुरुवात पोथ्यांपासून करावी. पत्रिका काय, दरवर्षी नव्याच जुळवाव्या लागतात.