पंक्तिप्रपंच आणि गार कॉफी

खानदेशचा वैशाख ज्याने भोगला नाही, त्यास सावलीचे मोल कळले आहे असे आम्ही मानीत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. धुळ्यासही त्याहून फारसे सुख नसते. दुपारी दारे-खिडक्या लावून, ओले पडदे सोडून माणसे निपचित पडून राहतात आणि चारच्या सुमारास उठून बसली की लहानथोर सर्वांची दृष्टी स्वयंपाकघराकडे वळते. आमच्या घरी त्या वेळी जायफळ-वेलदोडा घातलेली गार कॉफी करण्याचा परिपाठ आहे. तिचीच कृती आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. परंतु ही कॉफी गाई-म्हशीच्या दुधाची नव्हे. ती शेंगदाण्याच्या दुधाची आहे. ती आमच्या घरात कशी शिरली हे सांगताना आमची स्वतःची एक चूक कबूल करावी लागणार आहे, आणि ती प्रथमच करून टाकलेली बरी.

आमचे कुटुंब मोठे. पूर्वी बिऱ्हाड धुळ्यास होते, आता जळगावास आहे. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे आणि आम्ही उभयता असे सारे एकाच चुलीवर जेवतो. धाकटी सूनबाई घरात आली त्या वर्षापासून चारच्या कॉफीला ती ‘मला नको’ म्हणत असे. ‘आवडत नाही’ एवढेच कारण ती सांगे. आरंभी दोन-चार वेळा आग्रहास्तव तिने घेतलीही. पुढे आग्रह थांबला. ‘एकेकाची आवड’ असे म्हणून आम्ही तो विषय मनातून काढून टाकला. पुढे तिचा मुलगा शाळेत जाऊ लागला आणि रोज सकाळी दुधाचा पेला पाहून तोंड फिरवू लागला. तेव्हा मात्र आमच्यातला मास्तर जागा झाला. ‘दूध न पिणाऱ्या मुलाची बुद्धी वाढत नाही’, असे बजावून आम्ही समोर बसून त्यास पेला रिकामा करावयास लावीत असू. शाळेत जाताना त्याचे पोट दुखे, पोटात गुरगुर होई. शाळा चुकविण्याचे हे सोंग आहे असे आमचे निदान होते. चाळीस वर्षे शिकविण्यात घालविलेल्या माणसास मुलाचे सोंग आणि मुलाची व्यथा यांतील भेद कळू नये, याची आज लाज वाटते.

शेवटी डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद करावयास सांगितले. पोटदुखी थांबली. पुन्हा दूध दिले, पुन्हा दुखू लागले. निदान झाले. त्या संध्याकाळी सूनबाई दाराआड उभी राहून हळूच म्हणाली, ‘मामंजी, माझेही लहानपणापासून असेच होते.’ ‘मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘नव्या घरात आल्या आल्या दूध पचत नाही म्हणावयाचे कसे? नखरे वाटले असते.’ आम्ही काहीच बोललो नाही, कारण ते आम्हांस खरोखरच नखरे वाटले असते.

आपल्याकडे पंक्तिप्रपंच हे मोठे पाप मानले आहे. एकाच पंगतीस बसलेल्यांपैकी एकास तूप वाढावे व दुसऱ्यास गाळावे, हे कोणत्याही सुगृहिणीस खपणार नाही. परंतु पंक्तिप्रपंच केवळ वाढण्यातच होतो असे नाही. जे एकास सोसत नाही तेच सर्वांसाठी करावयाचे आणि त्याने ‘नको’ म्हटले की पुढे सरकावयाचे, हाही पंक्तिप्रपंचच होय. तो हाताने झाला नाही, अनवधानाने झाला, एवढाच काय तो फरक.

आता या विकाराविषयी दोन शब्द. दुधात एक प्रकारची साखर असते, तिला दुग्धशर्करा म्हणता येईल. शास्त्रज्ञ तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचविणारा एक पाचक रस लहान आतड्यात असतो. तान्हेपणी तो भरपूर असतो. वय वाढेल तसतसा बहुतेक मनुष्यमात्रात तो कमी होत जातो. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांची स्थिती कमीअधिक प्रमाणात अशीच आहे. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू, गुरगुर, कळ, जुलाब असा त्रास होतो. म्हणजे हा काही दुर्मीळ रोग नव्हे आणि हट्ट तर नव्हेच नव्हे. आपल्या आयुर्वेदात सात्म्य आणि असात्म्य असा सुंदर भेद केला आहे. एकास जे मानवते ते दुसऱ्यास मानवेलच असे नाही, हे आमचे पूर्वज जाणून होते. आम्ही संस्कृत शिकविले, पण हा शब्द घरात वापरावयाचे विसरलो. मात्र ध्यानात ठेवावे की, दुधाची ॲलर्जी ही निराळी आणि अधिक धोक्याची गोष्ट आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा.

शेंगदाण्यांपासून काढलेल्या पांढऱ्या रसास दूध कसे म्हणावे, असा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांनी घेतला. त्यांस आम्ही नारळाच्या दुधाची आठवण दिली. संस्कृतात तर ‘क्षीर’ हा शब्द झाडाच्या चिकासही लावतात. वड, पिंपळ, उंबर हे त्यामुळेच क्षीरवृक्ष ठरले आहेत. तेव्हा शब्दाची अडचण नाही. दुधाचा त्याग आपल्या देशास अपूर्व आहे असेही नव्हे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे १९१९ च्या आरंभी मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातील प्रथिने वेगळी काढून ती दुधात मिसळण्याची रीत बसविली आणि त्या पेयास ‘मिलटोन’ हे नाव दिले. त्यात जनावराचे दूध असेच. परंतु शेंगदाण्याची योग्यता त्यावरून कळून येते.

कोकणात असतो तर आम्ही नारळाकडेच वळलो असतो. खानदेशात नारळ बाहेरून येतो, बदाम महाग. भुईमूग मात्र आमच्या धुळ्या-जळगावच्या मातीतला. शिवाय आपल्याकडे शेंगदाणा उपवासास चालतो, कॉफीही चालते. तेव्हा एकादशीच्या दिवशीही या पेयास मज्जाव नाही, ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींस विशेष पसंत पडली.

कॉफी ही मूळची परदेशची. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिराने येमेनमधून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरास आजही त्याचेच नाव आहे. दक्षिणेकडील जाणकार कॉफीत मसाला सहसा घालीत नाहीत. आम्हां मराठी माणसांस मात्र जायफळाचा वास आल्याखेरीज कॉफी झाली असे वाटत नाही. बाजारातील पुष्कळशा पुडीत चिकोरी, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळी, मिसळलेली असते. तिचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते, ते वाचून घ्यावे. गार कॉफीस थोडी चिकोरी असणे चांगले. रंग गडद येतो व दाटपणा येतो.

साहित्य (सहा फुलपात्रांसाठी) :— कच्चे शेंगदाणे १५० ग्रॅम, दुधासाठी पाणी ९०० मिलिलीटर, कॉफीची पूड सहा चहाचे चमचे व तिच्यासाठी पाणी ३५० मिलिलीटर, साखर सहा चमचे, वेलदोडे सहा, सुंठीची पूड दोन चिमटी, जायफळाची किसलेली पूड एक चिमूट, मीठ दोन-चार कण.

दुधाची कृती :— दाणे निवडून घ्यावेत. काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशीचा वा खवट दाणा निर्दयपणे टाकावा. अशा दाण्यांत विष असू शकते व ते उकळूनही जात नाही. निवडलेले दाणे पाच-सहा तास भिजत घालावेत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात भिजवणाचे पाणी लवकर आंबते; म्हणून मध्ये एकदा पाणी बदलावे अथवा भांडे शीतकपाटात ठेवावे. नंतर साले चोळून काढावीत, दाणे नव्या पाण्यात दहा मिनिटे उकळावेत आणि ते पाणी ओतून द्यावे. याने दाण्याचा कच्चा वास जातो. दाणे भाजून घेण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. भाजलेल्या दाण्यांचे दूध कॉफीत घातले की भाजीतल्या कुटाची आठवण होते. उकळलेले दाणे थोड्या पाण्यात गंधासारखे बारीक वाटून उरलेले पाणी घालावे व धुतलेल्या मलमलीतून घट्ट पिळून गाळावे. हे दूध मंद आचेवर पाच-सात मिनिटे सतत ढवळीत उकळावे. ते बुडाशी फार लवकर लागते. निवाल्यावर झाकून शीतकपाटात ठेवावे व दोन दिवसांत संपवावे. फडक्यात उरलेला चोथा टाकू नये. लसूण-तिखट घालून त्याची चटणी होते, थालीपिठाच्या पिठातही तो सुरेख मिसळतो.

कॉफीची कृती :— पाण्यात वेलदोड्यांची पूड, सुंठ व साखर घालून उकळी आणावी. भांडे खाली उतरवून कॉफीची पूड घालावी व पाच मिनिटे झाकून ठेवावी. पूड घातल्यावर उकळू नये, कडवटपणा वाढतो. मग गाळून, मिठाचे कण टाकून पूर्ण निवू द्यावी. गार पदार्थाची गोडी व वास जिभेस कमी जाणवतात, म्हणून हा अर्क नेहमीपेक्षा जरा अधिक कडक व गोड असावा.

येथे आमची फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या दिवशी आम्ही कढत कॉफीत दूध ओतले आणि ते तत्काळ फाटले. नातवंडे खो खो हसली. कॉफी किंचित आंबट असते. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दाण्यातील प्रथिने थिजतात. दुसऱ्या दिवशी कॉफी कोमट होती, तरी कण दिसलेच. तिसऱ्या दिवशी दोन्ही गार करून, कॉफीत दूध थोडेथोडे ओतून ढवळले आणि पेय एकजीव झाले. तेव्हापासून हाच नियम ठेवला आहे. वरून जायफळ किसावे ते अगदी शेवटी आणि चिमटीभरच. जायफळ अधिक झाले तर भोवळ येते, मळमळते.

बर्फ घातला की कॉफी पाणचट होते, ही नेहमीची तक्रार. त्यावर सूनबाईने शोधलेला उपाय असा : कॉफीचा थोडा अर्क आदल्या दिवशीच बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावयाचा आणि त्याच्याच वड्या फुलपात्रात टाकावयाच्या. वडी जसजशी विरघळते तसतशी कॉफी पातळ न होता उलट रंगत जाते.

मुलांस कॉफी देऊ नये. त्यांच्यासाठी त्याच दुधातून कॉफी घालण्यापूर्वी वाटा काढावा, त्यात आपल्या जळगावचे एक पिकलेले केळे घुसळावे आणि वेलदोड्याची पूड घालावी. भांडे एकच राहते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगितली पाहिजे. हे दूध रुचीस गोड असले तरी गाईच्या दुधाची बरोबरी करीत नाही. गाईच्या १०० मिलिलीटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेंगदाण्याच्या दुधात फार तर त्याच्या आठव्या हिश्श्याइतके. ब-१२ हे जीवनसत्त्व तर त्यात नसतेच, आणि शाकाहारी घरांत ते मुख्यतः दुधदुभत्यातूनच मिळते. म्हणून दूध सोडणाऱ्याने दही-ताक सोसते काय ते पाहावे. विरजणात दुग्धशर्करा काही अंशी कमी होते व पुष्कळांस ते पचते. नाचणी आणि तीळ यांचाही आहारात उपयोग करावा. तान्ह्या मुलास आईच्या दुधाऐवजी हे कदापि देऊ नये. कित्येकांस शेंगदाण्याचीच ॲलर्जी असते. त्यांच्या घरी नारळाच्या पातळ दुधाची कॉफी करावी. येथेही पाहुण्यास विचारल्याखेरीज पेला पुढे करू नये. विचारण्याचा धडा आम्ही उशिरा शिकलो, तो वाचकांनी लवकर शिकावा.

तिसऱ्या दिवशीची ती जमलेली कॉफी सूनबाईच वाटीत होती. सर्वांस देऊन झाल्यावर, सवयीप्रमाणे, ती रिकामे पातेले घेऊन आत निघाली. सौभाग्यवतींनी तिला हाक मारून थांबविले आणि आपल्या हाताने फुलपात्र भरून तिच्यापुढे ठेवले. ती खाली बसली. इतक्या वर्षांत चारच्या वेळी ती आमच्यात बसल्याचे आम्हांस आठवत नाही. एक घोट घेऊन ती म्हणाली, ‘जायफळ थोडे कमी पडले.’

जिला कॉफी आवडत नाही असे आम्ही समजत होतो, तिला जायफळाचे माप आम्हां सर्वांहून अचूक ठाऊक होते. वाचकांच्या घरीही चारच्या वेळी ‘मला नको’ म्हणणारे कोणी असेल. त्यास एकदा जवळ बसवून कारण विचारावे.