जगाचे आराखडे (9) : सही कुणाची, दंड कुणाला?

आज मध्यवर्ती बँकांच्या डिजिटल चलनाकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण दावोसवरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून आलं आहे: 2030 साली तुमच्या मालकीचं काहीच नसेल, तरी तुम्ही सुखी असाल. एका वाचकाने तर आडपडदा न ठेवता विचारलंय, ही योजना तुम्हाला मान्य आहे की नाही ते एकदाचं सांगून टाका. हो किंवा नाही म्हणण्याआधी मुळात ही योजना आहे का, हे पाहायला हवं. ते पाहताना एक कसोटी हाती लागते आणि ती या मालेतल्या पुढच्या सगळ्या विषयांना पुरते, म्हणून आजचा अख्खा लेख तिच्यासाठी.

त्या वाक्याचा उगम 2016 मधला आहे. डेन्मार्कच्या खासदार आणि माजी पर्यावरणमंत्री ईडा आउकेन यांनी वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमसाठी एक छोटा काल्पनिक लेख लिहिला. त्यातल्या 2030 सालच्या शहरात कुणाकडे स्वतःची गाडी नाही, घर नाही, भांडीकुंडी नाहीत, कपडेसुद्धा नाहीत. सगळं लागेल तेव्हा मिळतं. निवेदिकेला घरभाडंही पडत नाही, कारण ती बाहेर असते तेव्हा तिच्या बैठकीच्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या कामाच्या बैठका चालतात. लेखाच्या शेवटी शेवटी मात्र तिला शहराबाहेर राहिलेल्या माणसांची काळजी वाटते, आणि आपलं सगळंच कुठेतरी नोंदलं जातंय ही रुखरुखही लागते. हे माझं स्वप्न नव्हे, आपण कुठे चाललोय ते दाखवणारं चित्र आहे, असा खुलासा आउकेनबाईंनी पुढे जोडला. पण फोरमने त्याच वर्षी केलेल्या भाकितांच्या एका चित्रफितीत त्या लेखाचं सार एका ओळीत आलं, काळजी गळाली आणि सुख तेवढं उरलं. मग 3 जून 2020 रोजी फोरमचे संस्थापक क्लाउस श्वाब आणि तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी ‘ग्रेट रीसेट’ची घोषणा केली, जुलैत श्वाब आणि थिएरी मालेरे यांचं त्याच नावाचं पुस्तक आलं, आणि टाळेबंदीत घरी अडकलेल्या जगाने ही दोन टोकं आपणहून जोडून घेतली. आता मी सांगितलेली कसोटी लावू. या कागदावर कोणत्या सरकारची सही आहे? एकाही नाही. तो न पाळणाऱ्याला दंड काय? काहीच नाही. जगाची घडी नव्याने बसवायला निघालेल्या या संस्थेला त्याच महासाथीत स्वतःचं 2021 चं अधिवेशन धड भरवता आलं नाही. ते दावोसहून स्वित्झर्लंडमध्येच दुसरीकडे, तिथून सिंगापूरला हललं आणि अखेर रद्द झालं.

एवढ्यावरून ‘म्हणजे सगळा बागुलबुवाच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा थांबावं. मूठभर कंपन्यांनी जगाचा कायदा बदलायचं ठरवलं आणि तो बदलला, असं खरोखर घडलेलं आहे. मार्च 1986 मध्ये अमेरिकेतल्या डझनभर बड्या कंपन्यांनी ‘इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी कमिटी’ नावाची समिती स्थापन केली. फायझरचे एडमंड प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल हे तिचे म्होरके. प्रॅट त्या दशकात अमेरिकी अध्यक्षांच्या व्यापारविषयक सल्लागार समितीचेही अध्यक्ष होते. पेटंट हा विषय व्यापारकरारात ओढायचा, म्हणजे नियम मोडणाऱ्या देशाला निर्यातीच्या दारात अडवता येईल, हा त्यांचा हिशोब. सप्टेंबर 1986 मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे गॅट या जागतिक व्यापारकराराच्या वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली, तेव्हा हा विषय पत्रिकेवर होता. 1988 मध्ये या समितीने युरोप आणि जपानच्या उद्योगसंघटनांबरोबर मिळून करारात काय काय असावं याचा आराखडाच छापला. 1989 मध्ये अमेरिकेने आपल्या व्यापारकायद्यातल्या ‘सुपर 301’ या तरतुदीखाली भारत, ब्राझील आणि जपानकडे बोट दाखवलं. डिसेंबर 1991 मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा आला आणि 15 एप्रिल 1994 रोजी मराकेशला त्यावर सह्या झाल्या. भारतातर्फे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली. यात गुप्त असं काय होतं? नावं, तारखा, आराखडा सगळं छापील. फक्त ते इतकं रुक्ष होतं की वाचणारे थोडे निघाले. त्या थोड्यांत महाराष्ट्रातले लोक पुष्कळ होते. डंकेल मसुद्याच्या बाजूने शरद जोशी आणि विरोधात दत्तोपंत ठेंगडी, असा तो वाद आपल्याकडे गावोगाव रंगला होता.

त्यातल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या कराराला सही होती आणि दंडही होता. त्याचा प्रत्यय लगेच आला. औषधांच्या पेटंटसाठी येणारे अर्ज 1 जानेवारी 1995 पासून जपून ठेवायची सोय करणं भारतावर बंधनकारक होतं. सरकारने वटहुकूम काढला, तो मुदत संपून गेला. विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडलं आणि 1996 मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं. आपल्या संसदेने जे केलं नाही ते जिनिव्हाने करायला लावलं. अमेरिकेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेत भारत 1997 मध्ये हरला आणि 1999 मध्ये कायदा बदलावा लागला. जागतिक आराखडा देशाच्या कायद्यात कसा उतरतो हे पाहायचं असेल तर दावोसपेक्षा हे उदाहरण अभ्यासावं. पण याच कराराचं 31 वं कलम वाचणारेही आपल्याकडे होते. त्यात सक्तीच्या परवान्याची वाट ठेवलेली होती, आणि आपल्या पेटंट कायद्याच्या 84 व्या कलमाने ती पक्की केली. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरच्या नेक्साव्हर या औषधाला रुग्णाला महिन्याकाठी सुमारे 2 लाख 80 हजार रुपये मोजावे लागत. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईत आदेश काढला: मूळ उत्पादक बायर कंपनीचं पेटंट कायम, पण नाटको या भारतीय कंपनीने तेच औषध बनवावं आणि महिन्याच्या 120 गोळ्या 8,880 रुपयांपेक्षा महाग विकू नयेत. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, 2014 मध्ये तिथे हरली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. बियाण्यांचंही तसंच. शेतकऱ्याला घरचं बियाणं ठेवता येणार नाही ही डंकेलच्या वेळची भीती निराधार नव्हती. वनस्पतींच्या वाणांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची मुभा करारात होती, ती वापरून 2001 च्या कायद्याने बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याकडे ठेवला. छापाचं, पुडक्यातलं बियाणं तेवढं त्याला विकता येत नाही.

यावर जाणकार वाचक लगेच हरकत घेईल की सही नसलेले कागदही माणसाला छळतात. हरकत रास्त आहे. बँकेचं केवायसी घ्या. तोच फोटो, तोच पत्ता, तीच कागदपत्रं बँक पुन्हा मागते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाचीही माहिती दहा वर्षांनी आणि जास्त जोखमीच्याची दोन वर्षांनी तपासावी लागते. या नियमाचा माग काढत गेलं की आपण पॅरिसला पोचतो. तिथे 1989 मध्ये जी-सात देशांनी काळ्या पैशाच्या वाहतुकीविरुद्ध स्थापन केलेला एफएटीएफ हा गट आहे. त्याच्या 40 शिफारशी आहेत. त्या शिफारशीच, करार नव्हे. पण न पाळणारा देश करड्या यादीत जातो, आणि मग परदेशी बँका त्याच्याशी व्यवहार करताना हात आखडतात. पाकिस्तानने 2018 ते 2022 ही चार वर्षं त्या यादीत काढली. म्हणजे दंड न्यायालयच देतं असं नाही, बाजारही देतो. तेव्हा कसोटी थोडी दुरुस्त करून घेऊ: सही नसली तरी दंड आहे का, तो कोण वसूल करतं, आणि दाद कुठे मागायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिथे मिळत नाही तिथे खरी काळजी करावी. ट्रिप्सविरुद्ध भांडायला मुंबईचं पेटंट कार्यालय तरी होतं. करड्या यादीविरुद्ध सामान्य नागरिकाने अपील करावं असं ठिकाणच नाही.

दुसरी हरकत अशी की मग दावोस काय नुसती हवापालट? तसंही नाही. जून 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फोरमबरोबर भागीदारीचा करार केला, तेव्हा अनेक देशांतल्या संघटनांनी लेखी विरोध नोंदवला. त्यांचा मुद्दा पटण्यासारखा होता: ज्या पंगतीत आजवर सरकारं बसत होती तिथे कंपन्यांना पाट मिळाला, आणि त्यांना निवडणुकीत पाडायची सोय कुणाकडे नाही. ही टीका जरूर करावी. पण दावोसमधल्या प्रत्येक घोषणेला ब्रह्मवाक्य समजू नये. आपले मुख्यमंत्री तिथून जानेवारीत गुंतवणुकीचा आकडा घेऊन येतात. 2025 मध्ये तो 15 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला होता. त्या आकड्यामागे असतात ते सामंजस्य करार. त्यांवर सही असते, दंड नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2030 च्या 17 उद्दिष्टांचंही तेच. त्यांवर 193 देशांनी मान डोलावली, पण चुकलेल्याचा कान धरणारा कुणी नाही.

राहता राहिली पडद्याआडच्या मूठभरांची कहाणी. ही कहाणी जुनी आहे आणि तिचा इतिहास घाणेरडा आहे. ज्यूंच्या जागतिक कटाचं ‘इतिवृत्त’ बनावट असल्याचं लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 मध्येच दाखवून दिलं होतं, तरी त्यावर पोसलेल्या द्वेषाने पुढे काय केलं ते जगाने पाहिलं. शिवाय या कहाणीचा व्यवहारातला तोटा असा की अदृश्य शत्रूवर रागावण्यात माणसाचा सगळा दम जातो आणि समोर छापून ठेवलेलं कलम वाचायचं राहून जातं. एडमंड प्रॅट अदृश्य नव्हते.

म्हणून विचारणाऱ्या वाचकाला माझं उत्तर असं: मालकीमुक्त सुखाची ती योजना मला मान्य नाही, पण माझी झोप तिने उडत नाही. झोप उडवणारी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. आपल्या राज्यघटनेच्या 253 व्या कलमाने आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्या कराराला सहीआधी किंवा सहीनंतर संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही. मराकेशची सही तशीच झाली. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनबरोबरच्या व्यापारकरारावर सही झाली, तेव्हाही पूर्ण मसुदा लोकांच्या हाती पडला तो सहीनंतर. तुमचे खासदार पुढच्या वेळी भेटतील तेव्हा दावोसबद्दल विचारू नका. सही होण्याआधी मसुदा संसदेत का येत नाही, एवढंच विचारा. डिजिटल चलन पुढच्या आठवड्यात, नक्की.