वार्धक्य आणि चेतापेशींची मोजणी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. वय वाढले म्हणजे बुद्धी झिजणारच, असा तिचा आशय. विसाव्या शतकाच्या मध्यास याच समजुतीला प्रयोगशाळेचा आधार मिळाल्यासारखे वाटले. मनुष्याच्या मेंदूतील चेतापेशी प्रौढपणापासून एकसारख्या मरत असतात, दररोज सुमारे एक लाख पेशी नष्ट होतात, आणि वार्धक्यातील विस्मृती हे या ऱ्हासाचेच दृश्य रूप होय, असे पाठ्यपुस्तकांतून व लोकप्रिय लेखनातून सांगितले जाऊ लागले. पुढील चार दशकांत या मताची जी फेरतपासणी झाली, ती मज्जासंस्था आणि वार्धक्य या विषयातील संख्यात्मक संशोधनाच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण आहे. नवे औषध वा नवा रोग सापडल्यामुळे ही तपासणी घडली नाही. मोजावे कसे, या प्रश्नाचा मुळापासून विचार झाला म्हणून ती घडली.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप ध्यानी घेणे अवश्य आहे. मेंदूतील पेशी एकेक करून मोजणे अशक्यप्राय आहे. म्हणून मेंदूचे पातळ छेद घ्यावयाचे, ते रंगवावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठराविक क्षेत्रातील पेशी मोजावयाच्या आणि त्यावरून संपूर्ण अवयवाविषयी अनुमान करावयाचे, हाच मार्ग उरतो. हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले संशोधन याच मार्गाने झाले होते. नवजात अर्भकापासून नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत सुमारे २० व्यक्तींच्या मेंदूंतील बाह्यपटलाचे छेद त्यांनी तपासले, आणि वयाबरोबर पेशींची गणना घटत असल्याचे नमूद केले. वरच्या शंखखंडीय वळीत ही घट विशेष मोठी आढळली. काम चिकाटीचे होते व त्याचा प्रभावही दीर्घकाळ टिकला. परंतु छेदात दिसणारी गणना आणि अवयवात असणारी संख्या या दोन भिन्न राशी आहेत. एकीवरून दुसरीकडे जाताना निदान तीन ठिकाणी पाऊल घसरण्याचा संभव असतो.

पहिली अडचण भूमितीची आहे. छेदाची जाडी ‘जा’ आणि पेशीकेंद्राचा व्यास ‘व्या’ मानल्यास, एखादे केंद्र छेदात अंशतः जरी आले तरी ते मोजले जाते. त्यामुळे प्रत्यक्ष संख्येच्या (जा + व्या) ÷ जा इतक्या पट गणना होते. मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९४६ साली मांडलेली दुरुस्ती याच संबंधावर आधारलेली आहे. या सूत्राचा वार्धक्याशी असलेला संबंध एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छेद १० मायक्रॉन जाडीचा आहे व तरुण मेंदूतील केंद्राचा व्यासही १० मायक्रॉन आहे असे समजा. अशा वेळी प्रत्यक्षातील १,००० पेशींमागे २,००० गणल्या जातील. आता वयोमानाने केंद्रे आक्रसून ८ मायक्रॉनची झाली, पण एकही पेशी मेली नाही, असे धरले तर गणना १,८०० येईल. म्हणजे पेशींचा लवमात्र नाश न होता १० टक्के ‘घट’ नोंदली जाईल. वार्धक्यात पेशींचे आकारमान बदलणे सर्वस्वी संभवनीय असल्यामुळे हा दोष केवळ काल्पनिक मानता येत नाही. अ‍ॅबरक्रॉम्बी यांची दुरुस्ती लावावयाची तर केंद्राचा आकार व त्याची सरासरी उंची यांविषयी काही गृहीते धरावी लागतात, आणि वयाबरोबर तीच बदलत असतील तर दुरुस्तीही डळमळते.

दुसरी अडचण घनता आणि एकूण संख्या यांच्या गल्लतीतून उद्भवते. एका घन मिलिमीटरमध्ये किती पेशी आहेत हे कळले, तरी एकूण किती घन मिलिमीटर आहेत हे कळल्यावाचून पेशींची संख्या कळत नाही. गावातील दर एकरी झाडे मोजली आणि गावाची हद्द मोजलीच नाही, तर गावात झाडे किती हे सांगता येणार नाही, तद्वतच हे आहे. मेंदूच्या बाबतीत ही हद्द मोजणीच्या क्रियेतच बदलते. मृत्यूनंतर मेंदू टिकविण्यासाठी त्यावर रासायनिक संस्कार करावे लागतात आणि त्यामुळे ऊती आक्रसते. तरुण मेंदू वृद्ध मेंदूपेक्षा अधिक आक्रसतो, असे हर्बर्ट हाउग यांनी १९८० च्या दशकात निदर्शनास आणले. अधिक आक्रसलेल्या ऊतीत पेशी अधिक दाट दिसणार हे उघड आहे. म्हणजे तरुणपणीची जी ‘समृद्धी’ नोंदली गेली होती, तिचा काही भाग तरी मेंदूतील नसून बरणीतील होता.

तिसरी अडचण पाहणीच्या रचनेत आहे. ज्या मेंदूचे छेद आज घेतले, त्याचेच पुन्हा तीस वर्षांनी घेता येत नाहीत. म्हणून निरनिराळ्या वयांच्या निरनिराळ्या व्यक्तींची तुलना करावी लागते. अशा तुलनेत वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम एकमेकांत मिसळतात. लंडन येथील शवविच्छेदनाच्या नोंदींवरून मिलर व कॉर्सेलिस यांनी १९७७ साली असे दाखविले की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांच्या मानाने विसाव्या शतकात जन्मलेल्यांच्या मेंदूचे सरासरी वजन अधिक होते. अशा स्थितीत ऐंशी वर्षांचा मेंदू तीस वर्षांच्या मेंदूहून लहान आढळला, तर तो झिजून लहान झाला की आरंभापासूनच लहान होता, हे केवळ त्या तुलनेवरून ठरविता येत नाही. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेत सुरू केलेल्या सिअ‍ॅटल येथील दीर्घकालीन पाहणीने हाच मुद्दा अधोरेखित केला. त्याच त्या व्यक्तींची दर सात वर्षांनी चाचणी घेतली असता, एककालिक तुलनेत दिसणाऱ्या घटीपेक्षा प्रत्यक्ष घट पुष्कळ उशिरा सुरू होते, असे त्यांना आढळले.

या तिन्ही दोषांचे एक समान लक्षण आहे. ते यादृच्छिक चुकांसारखे परस्परांना छेद देऊन नाहीसे होत नाहीत. एकाच दिशेने ढकलतात. दहा मेंदूंऐवजी हजार मेंदू तपासले तरी उत्तर सत्याच्या जवळ जात नाही, चुकीचे उत्तरच अधिक ठामपणे मिळते. संख्यात्मक संशोधकाचे पहिले कर्तव्य येथेच दिसून येते. सामग्री वाढविण्यापूर्वी मापनपद्धती निर्दोष आहे किंवा नाही, हे त्याला पाहावे लागते.

उपाय निघाला तोही भूमितीच्या मार्गानेच. १९८४ साली ‘डी. सी. स्टेरिओ’ या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव म्हणजे ‘डायसेक्टर’ या पद्धतीच्या इंग्रजी नावातील अक्षरांची उलटापालट होय. कल्पना अत्यंत साधी आहे. परस्परांपासून ज्ञात अंतरावर असलेल्या दोन समांतर प्रतलांची तुलना करावयाची, आणि जो कण एका प्रतलात दिसतो पण दुसऱ्यात दिसत नाही, तोच मोजावयाचा. प्रत्येक कणाला माथा एकच असतो. म्हणून कण लहान असो, मोठा असो वा वाकडातिकडा असो, तो एकदाच मोजला जातो. आकाराविषयी कोणतेच गृहीत धरावे लागत नाही. १९९१ साली वेस्ट, स्लोमियांका व गुंडरसन यांनी या तत्त्वाची सांगड विभाजनपद्धतीशी घालून उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी मोजल्या. या पद्धतीत दर दहावा छेद, त्याच्या क्षेत्रफळाचा पन्नासावा भाग आणि जाडीचा अर्धा भाग तपासला, तर एकूण अवयवाचा एक सहस्रांश भाग पाहिला जातो. त्यात २०० पेशी आढळल्यास संख्या २,००,००० ठरते. ऊती आक्रसली किंवा फुगली तरी अंशाचे हे गुणोत्तर बदलत नाही. मात्र आरंभीचा छेद यदृच्छेने निवडलेला असावा लागतो.

या पद्धतीने मिळालेली उत्तरे लक्षणीय आहेत. डेन्मार्कमधील बेंटे पाकेनबर्ग व हान्स युर्गेन गुंडरसन यांनी १९९७ साली २० ते ९० वर्षे वयाच्या ९४ व्यक्तींच्या मेंदूंचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या नव-बाह्यपटलात पुरुषांमध्ये सरासरी सुमारे २,२८० कोटी आणि स्त्रियांमध्ये सुमारे १,९३० कोटी चेतापेशी आढळल्या. सत्तर वर्षांच्या या संपूर्ण वयोमर्यादेत दिसलेली घट मात्र सुमारे ९.५ टक्केच होती. एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींमधील फरक कित्येकदा याहून किती तरी मोठा होता.

आता ‘दररोज एक लाख’ या भयसूचक आकड्याकडे पुन्हा पाहता येईल. दररोज एक लाख या दराने सत्तर वर्षांत सुमारे २५५ कोटी पेशी नष्ट होतील. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली, ऊती विरघळवून केंद्रे मोजण्याच्या सर्वस्वी वेगळ्या पद्धतीने, मानवी मेंदूतील एकूण चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी ठरविल्या. त्या मानाने २५५ कोटी म्हणजे सुमारे ३ टक्के. उलट, पाकेनबर्ग व गुंडरसन यांची ९.५ टक्के घट बाह्यपटलाच्या सुमारे २,१०० कोटी पेशींवर लावली, तर ती दिवसाला सुमारे ७८ हजार भरते. तात्पर्य, भीती घालणारा आकडा आणि धीर देणारा आकडा परिमाणाने फारसे भिन्न नाहीत. एकाला छेद दिलेला नाही व दुसऱ्याला दिलेला आहे, एवढाच त्यांत भेद आहे. छेदावाचून अंश सांगणे हा संख्येचा उपयोग नसून दुरुपयोग होय.

मग वार्धक्यात मेंदूचे काहीच बिघडत नाही असे मानावयाचे काय? तसे मुळीच नाही. डेन्मार्कमधीलच २००३ सालच्या संशोधनात मायेलिनचे आवरण असलेल्या मज्जातंतूंची एकूण लांबी मोजण्यात आली. विसाव्या वर्षी पुरुषांमध्ये ती सुमारे १,७६,००० किलोमीटर होती, आणि ऐंशी वर्षांपर्यंत तिच्यात सुमारे ४५ टक्के घट दिसली. ऱ्हेसस माकडांच्या मेंदूतील अग्रखंडाच्या अभ्यासातही पेशींची संख्या टिकून राहूनही त्यांच्यातील अनुबंध कमी झाल्याचे, आणि या घटीचा आकलनक्षमतेशी संबंध असल्याचे आढळले. घर उभे आहे, परंतु घराघरांतील वाट मोडत चालली आहे, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. वार्धक्य म्हणजेच पेशींचा सार्वत्रिक मृत्यू असे मानले, की स्मृतिभ्रंश ही त्या मृत्यूची केवळ पुढची पायरी ठरते, आणि वृद्धाच्या विस्मृतीकडे ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष करणे समर्थनीय वाटू लागते. वेस्ट व सहकाऱ्यांनी १९९४ साली हिप्पोकॅम्पसच्या निरनिराळ्या विभागांतील पेशी मोजल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. सीए-१ या विभागात सामान्य वार्धक्यामुळे घट आढळली नाही. अल्झायमर रोगात मात्र तेथेच मोठी हानी झालेली होती. गोमेझ-इस्ला व सहकाऱ्यांनी १९९६ साली हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या एंटोरायनल बाह्यपटलाची मोजणी केली. बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांमध्ये तेथील पेशी टिकून होत्या. परंतु रोगाची अगदी सौम्य लक्षणे असलेल्यांमध्येही त्याच्या दुसऱ्या थरातील सुमारे ६० टक्के पेशी नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे रोग हा वार्धक्याचा उत्तरभाग नसून त्याहून भिन्न प्रक्रिया आहे, आणि लक्षणे दिसेपर्यंत तिने बराच पल्ला गाठलेला असतो. उपचार करावयाचा तर तो केव्हा करावा, या प्रश्नाचे उत्तर या मोजणीत दडलेले आहे.

भारतात हेच प्रश्न लोकसंख्येच्या पातळीवर उभे आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने हाती घेतलेल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन पाहणीच्या २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यापुढील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश झाला. तिच्याशी संलग्न अशा स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासाच्या आधारे, साठ वर्षे व त्यापुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. येथे सूक्ष्मदर्शक नाही, पण अडचणी ओळखीच्याच आहेत. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा वृद्धाला लेखन-वाचनावर आधारलेली चाचणी दिली, तर त्याचे अल्प गुण रोग दर्शवितात की निरक्षरता? जुन्या पिढीचे शिक्षण कमी असल्यामुळे दिसणारे अंतर वयाच्या माथी मारले जात नाही ना? पहिल्या फेरीत भेटलेल्यांपैकी दुसऱ्या फेरीपूर्वी जे दगावले, ते उरलेल्यांसारखेच होते काय? केंद्राचा व्यास आणि छेदाची जाडी यांच्या जागी येथे शिक्षण आणि निवड आलेली आहेत, इतकेच.

यावरून या क्षेत्रातील संख्यात्मक संशोधकाचे कार्य स्पष्ट होते. प्रयोगकर्त्याने आणून दिलेल्या आकड्यांची सरासरी काढून देणारा कारकून, अशी त्याची भूमिका नाही. छेद कोठून घ्यावा, व्यक्ती कोणत्या निवडाव्यात, कोणती राशी मोजावी आणि कोणत्या राशीने तिला भागावे, हे निर्णय प्रयोगाच्या आरंभीच घ्यावे लागतात, आणि त्या वेळी तो उपस्थित असणे इष्ट आहे. त्यासाठी सांख्यिकी व भूमिती यांच्याइतकेच शरीररचनेचे ज्ञानही त्याच्या ठायी असावे लागते. अद्यापही सर्व मते जुळलेली नाहीत. ऊती विरघळवून केलेल्या मोजणीत संपूर्ण बाह्यपटलातील चेतापेशी सुमारे १,६०० कोटी भरतात, तर छेदपद्धतीने त्या २,००० कोटींच्या आसपास जातात. हे अंतर काही अंशी व्यक्तिभेदाचे असेल, काही अंशी पद्धतिभेदाचे असेल. त्याचा निर्णय अधिक मेंदू जमविल्याने होणार नसून, दोन्ही पद्धती एकाच मेंदूवर लावून पाहिल्याने होईल. साठीनंतर बुद्धी नाठी होते किंवा नाही, हा प्रश्न म्हणीने सोडविला होता व घाईने केलेल्या मोजणीने त्या उत्तरावर शिक्कामोर्तब केले होते. काळजीपूर्वक केलेल्या मोजणीने तो प्रश्न पुन्हा खुला केला, आणि वृद्धाची विस्मृती ही तपासण्याजोगी गोष्ट आहे, हे सिद्ध केले.